किसुमूहून मिरजेला : ११ वर्षांनी परतणाऱ्या मिशनरी कुटुंबाची तयारी

ताई, सलाम. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठी किसुमूला ११ वर्षं सेवा झाली, आता येत्या डिसेंबरात कायमचं मिरजेला परतायचं आहे. हातात १० महिने आहेत. मुलगी १५ वर्षांची, मुलगा १० वर्षांचा, धाकटी ४ वर्षांची. धाकट्या दोघांचा जन्म तिकडचा, आणि धाकटीच्या जन्माची नैरोबीच्या भारतीय उच्चायुक्तालयात नोंद करायची राहून गेली आहे. सुरुवात कुठून करावी आणि मुलांचं कसं होईल, हे तुम्ही विचारलंय.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तुम्ही दोघं परत येताय. मुलं परत येत नाहीत, ती मिरजेला पहिल्यांदा येताहेत. थोरली निघाली तेव्हा ४ वर्षांची होती. तिला मिरज आठवते ती फर्लोवरच्या, म्हणजे मिशनच्या सुट्टीतल्या, पाहुणचाराची. केनियाला जाताना तुम्ही भाषा, लशी, शाळा, घर या सगळ्याची वर्षभर तयारी केली असेल. परतीला ‘आपल्याच घरी तर जायचंय’ म्हणून कुणी तेवढी तयारी करत नाही. बहुतेक कुटुंबं अडखळतात ती इथंच.

पहिलं काम धाकटीचा कागद, आणि ते याच आठवड्यात सुरू करा. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाला आईवडिलांमुळे भारतीय नागरिकत्व मिळायचं असेल, तर जन्माची नोंद एका वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत व्हावी लागते. वर्ष उलटलं की नोंद होते, पण केंद्र सरकारच्या परवानगीने. म्हणजे अर्ज नैरोबीहून गृह मंत्रालयाकडे जाणार, उशिराचं कारण लेखी द्यावं लागणार, आणि त्यात महिने जाणार. नोंद झाल्याशिवाय तिचा भारतीय पासपोर्ट नाही, आणि पासपोर्टाशिवाय प्रवास नाही. तोवर कुणाचंच तिकीट काढू नका. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आईवडिलांना या अर्जात लिहून द्यावं लागतं. तेव्हा ‘तात्पुरता तिकडचा पासपोर्ट काढू, पुढचं पुढं बघू’ असा सल्ला कुणी दिला, तर तो घेऊ नका, गुंता वाढेल.

अर्ज भरताना नावं नीट जुळवा. केनियाच्या जन्मदाखल्यावर नावांचा क्रम बऱ्याचदा वेगळा पडतो: कुठं वडिलांचं नाव गळतं, कुठं आडनाव मधे येतं. आपल्याकडे शाळा, आधार, बँक, सगळीकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा क्रम लागतो. दाखल्यात चूक असेल तर ती तिथंच दुरुस्त करून घ्या. मिरजेत बसून किसुमूच्या निबंधकाकडून एक अक्षर बदलून आणणं फार जिकिरीचं आहे. थोरल्या दोघांचे पासपोर्टही आत्ताच काढून बघा. लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो आणि तो नेमका निघायच्या तोंडावर संपतो.

नैरोबी तुमच्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. एका खेपेत होईल तेवढं उरका. मुलांचे शाळेचे दाखले आणि गेल्या ३ वर्षांच्या गुणपत्रिका तिकडच्या शिक्षण खात्याकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी आपल्या उच्चायुक्तालयाकडून साक्षांकित करून घ्या. तुम्हा दोघांची पोलीस क्लिअरन्सही घ्या. इथं शाळेत किंवा रुग्णालयात काम धरायचं तर उपयोगी पडते. पगारातून एनएसएसएफ (केनियाचा सामाजिक सुरक्षा निधी) कापला जात असेल तर देश कायमचा सोडतानाच्या रकमेचा अर्ज तिथूनच करा. घरात कामाला आणि राखणीला असलेल्यांचा कायद्याने होणारा हिशेब लेखी चुकता करा आणि पावती ठेवा. तिकडचं सिमकार्ड वर्षभर रोमिंगवर चालू ठेवा. बँकेचे आणि एम-पेसा या मोबाइल पाकिटाचे ओटीपी त्यावरच येतात, आणि ते बंद झालं तर शिल्लक रक्कम तिकडंच अडकते.

आता आरोग्य. याकडे लक्ष द्या अशी कळकळीची विनंती आहे, कारण चूक झाली तर ती उशिरा कळते. व्हिक्टोरिया सरोवराच्या पाण्यात बिल्हार्झिया असतो. गोगलगायींतून सुटलेल्या सूक्ष्म अळ्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात, कृमी रक्तवाहिन्यांत वाढतात आणि वर्षानुवर्षं राहून यकृत, आतडी बिघडवतात. सुरुवातीला बऱ्याचदा काहीच त्रास नसतो. भारतात हा आजार जवळजवळ नाहीच, त्यामुळे सांगली-मिरजेतल्या चांगल्या डॉक्टरांच्याही तो पटकन ध्यानात येत नाही, यात त्यांचा दोष नाही. किसुमूत मात्र तो रोजचा आहे, तपासणी सहज होते आणि त्यावरचं औषध प्राझिक्वांटेल मिळतं. शेवटचे २ महिने मुलांना सरोवरात उतरू देऊ नका, कारण पाण्याशी संबंध आल्यावर ६ ते ८ आठवड्यांच्या आत केलेली तपासणी खोटा दिलासा देते. नंतर पाचही जणांची शौचाची आणि रक्ताची तपासणी करून निघा. औषधाचा नेहमीचा डोस वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम, पण तो तिथल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

दुसरा मलेरिया. पश्चिम केनियात फाल्सिपॅरम हा जीवघेणा प्रकार असतो. मिरजेत आल्यावर पहिल्या ३ महिन्यांत कुणालाही ताप आला, तर ‘हवा बदलली’ म्हणून घरी थांबू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, ‘केनियाहून आलोय.’ पहिली चाचणी निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही, तर १२ ते २४ तासांनी पुन्हा करा. प्रतिबंधक गोळ्या चालू असतील तर निघाल्यावर लगेच थांबवायच्या नाहीत: डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन आणखी ४ आठवडे, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल आणखी ७ दिवस.

पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड पाचही जणांचं हवं, धाकटीचंसुद्धा. लस घेतल्यावर १० दिवसांनी ते ग्राह्य होतं आणि आता जन्मभर चालतं. कार्ड नसेल तर मुंबईत उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. सूट आहे ती फक्त अगदी लहान बाळांना. कार्डावरचा पासपोर्ट नंबर सध्याच्या पासपोर्टाशी जुळतो का तेही बघा. जमलं तर आरोग्यविमा परतायच्या आधीच घेऊन ठेवा. आधीपासूनच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ असू शकतो, तो जितका लवकर सुरू होईल तितकं बरं. अर्जात काही लपवू नका.

सामान कमी आणा. दोन वर्षांहून जास्त परदेशात राहून कायमचं परतणाऱ्याला वापरलेल्या घरसामानावर कस्टममध्ये निवास-बदलाची सवलत असते. तिची रक्कम आणि अटी बदलत असतात, म्हणून निघायच्या महिन्यातला नियम कस्टमच्या संकेतस्थळावर पाहा. प्रत्येक खोक्याची यादी करा: वस्तू, कंपनी, मॉडेल, खरेदीचं वर्ष, किंमत. केनियाची वीज जवळपास आपल्यासारखीच, २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे उपकरणं चालतात. फक्त चौकोनी तीन पिनांचे प्लग बदलावे लागतात. तरी माझं मत असं, की फर्निचर आणि फ्रिज तिकडंच द्या आणि ती जागा मुलांच्या वस्तूंना ठेवा. प्रत्येक मुलाला ५ किलोची एक सॅक द्या. त्यात काय घालायचं ते त्याने ठरवावं, तुम्ही ‘हे कशाला’ म्हणू नये. हस्तिदंत, प्राण्यांची कातडी किंवा त्यापासून केलेली भेट कुणी प्रेमाने दिली तरी आणू नका, ते गुन्ह्यात मोडतं.

पैशाचं थोडक्यात सांगते. परकीय चलन कायद्यानुसार कायमचं राहायला आलात की तुम्ही लगेच निवासी ठरता, म्हणून पहिल्याच महिन्यात बँकेत जाऊन एनआरओ आणि एनआरई ही अनिवासींची खाती निवासी करून घ्या. परकीय चलन ठेवायचं असेल तर आरएफसी खातं उघडा. आयकराचा हिशेब मात्र वेगळा, तो दिवस मोजून होतो. डिसेंबरात आलात आणि आधीच्या ४ वर्षांत भारतातले दिवस ३६५हून कमी असतील, तर मार्चपर्यंतचं वर्ष साधारणपणे अनिवासीच धरलं जातं. त्यानंतरची सुमारे २ वर्षं ‘निवासी पण सामान्य निवासी नाही’ या दर्जात जातात. त्या काळात बाहेरच्या मिळकतीवर सहसा इथं कर नाही. पुढं केनियातलं खातं विवरणपत्रात दाखवावं लागतं, आणि न दाखवल्यास दंड मोठा आहे. शिक्क्यांचे जुने पासपोर्ट जपून ठेवा, दिवस त्यांवरूनच सिद्ध होतात.

यापेक्षा महत्त्वाची एक खबरदारी आहे. तिकडची मंडळी किंवा परदेशातले स्नेही परतल्यावरही ‘सेवेसाठी’ म्हणून तुमच्या स्वतःच्या खात्यावर पैसे पाठवू म्हणतील. नम्रपणे नको म्हणा. धार्मिक किंवा सामाजिक कामासाठी परदेशी देणगी घ्यायची तर संस्थेला एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. एका संस्थेने घेतलेली देणगी दुसऱ्याकडे वळवायलाही २०२०पासून मनाई आहे. चांगल्या हेतूने घेतलेले पैसेही इथं अडचणीत आणतात.

ज्या मिशनने तुम्हाला पाठवलं, त्यांच्याकडून पुनर्वसनाची रक्कम आणि पगारी विश्रांती आत्ताच लेखी ठरवून घ्या. माझ्या मते ६ महिने मागा, ३ महिन्यांच्या खाली येऊ नका. पहिला महिना कुठलाही कार्यक्रम नको. त्यानंतर महिन्याला दोनच रविवार बाहेरच्या मंडळ्यांना, म्हणजे चर्चना, द्या, बाकीचे दोन मुलांसोबत स्वतःच्या उपासनेत बसा. मिरज, सांगली, कोल्हापूर, वाई, सगळीकडून बोलावणी येतील आणि पाळकसाहेबांना नाही म्हणणं जड जाईल; म्हणून हे वेळापत्रक मिशनच्या पत्रातच घालून घ्या, म्हणजे नकार तुम्हाला द्यावा लागणार नाही. साक्ष, म्हणजे तिकडच्या सेवेची हकिगत, तीन मापांची तयार ठेवा: फाटकात भेटलेल्यासाठी १ मिनिटाची, जेवायला बोलावणाऱ्यासाठी ५ मिनिटांची, उपासनेसाठी अर्ध्या तासाची. लोक ‘कसं होतं तिकडं?’ विचारतात आणि दोन वाक्यांनंतर भावकीच्या लग्नावर येतात. त्यांचं प्रेम कमी नसतं. त्यांच्याकडे त्या ११ वर्षांचं चित्रच नसतं, तर ते विचारणार काय? आणि मुलांना व्यासपीठावर चढवून स्वाहिली गाणं म्हणायला लावू नका. स्वतःहून म्हटलं तर आनंद आहे.

शाळेच्या बाबतीत देवाने तुम्हाला एक चांगली फट दिली आहे. केनियाचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होऊन वर्षाअखेरीस संपतं, आपलं जूनमध्ये सुरू होतं. डिसेंबर ते जून हे ६ महिने ‘वाया गेले’ म्हणू नका आणि घाईने मधल्या वर्गात कोंबूही नका. हे मराठीचे महिने आहेत. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, त्यामुळे सीबीएसईत घातलं तरी सुटका नाही. तुमची मुलं घरी मराठी बोलतात, वाचत नाहीत. हे ठीक आहे, ऐकू येणारी भाषा वाचायला शिकणं सोपं. रोज ४० मिनिटं, दोन तुकड्यांत. बाराखडीने सुरुवात करू नका. ग, म, भ, न अशी वळणाने सोपी अक्षरं आधी घ्या आणि तिसऱ्या दिवसापासून त्यांचे शब्द करा. मग काना, वेलांटी, मात्रा. जोडाक्षरं शेवटी, तीही आधी दुकानाच्या पाट्यांवर वाचायला लावा. बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात, आजपासून किसुमूतच सुरू करता येईल. ‘ळ’ आणि ‘ण’ वर अडतील, चिडवू नका. त्यांची स्वाहिली इथं उपयोगी पडते: तिकडचं ‘दुका’ म्हणजे आपलं दुकान, ‘गारी’ म्हणजे गाडी, ‘रांगी’ म्हणजे रंग, चाय आणि चपाती तर तशीच. आणि ‘सालामू’ म्हणणाऱ्या मुलांना मिरजेच्या मंडळीत हात जोडून ‘सलाम’ म्हणायला काय अवघड आहे?

मुलगा त्याच्या वयाच्याच वर्गात बसेल. ८वीपर्यंत शिक्षणहक्क कायद्याने वयानुरूप वर्ग मिळतो आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे मुख्याध्यापकांना शांतपणे सांगा. धाकटीची काळजी करू नका, बालवाडीत दोन महिन्यांत ती तुमच्यापेक्षा अस्सल मिरजेची होईल. तिघांचंही आधार पहिल्या महिन्यात करा. भारतीय पासपोर्ट असेल तर १८२ दिवस थांबावं लागत नाही. थोरलीचं वयाच्या ५ वर्षांच्या आत काढलेलं आधार असेल, तर त्यावर बोटांचे ठसे नाहीत. ते अद्ययावत केल्याशिवाय शाळेच्या नोंदीत अडकेल.

थोरलीचा प्रश्न खरा अवघड आहे. तिकडची ९वी संपवून ती येईल आणि इथं थेट १०वीत प्रवेश मिळणं कठीण, कारण सीबीएसईसारख्या बोर्डाची नोंदणी ९वीपासूनच सुरू होते. दोन वाटा आहेत. एक, जूनमध्ये पुन्हा ९वीत बसवणं. दुसरी, एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून १०वी: ५ विषय, त्यातली एक भाषा, वयाची १४ वर्षं पूर्ण, परीक्षा वर्षातून दोनदा. दुसऱ्या वाटेने वर्ष वाचतं, पण ती घरी एकटी पडते आणि १५व्या वर्षी मैत्रिणी नसणं हे मराठीच्या पेपरपेक्षा जड असतं. म्हणून मी ९वीच सुचवेन. मात्र निर्णय तिला बाजूला ठेवून घेऊ नका. दोन्ही वाटांचे कागद तिच्यापुढे ठेवा, शाळा तिला आधी व्हिडिओवरून दाखवा, आणि नापसंतीचा अधिकार तिला खरोखर द्या.

अशा मुलांचा अभ्यास सुरू झाला तो भारतातच. रूथ युसीम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५०च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना त्यांना ‘तिसऱ्या संस्कृतीची मुलं’ असं नाव दिलं. आईवडिलांचा देश पूर्ण आपला नाही, वाढलो तो देशही पूर्ण आपला नाही. १८९४ला वॉनलेस रुग्णालय उभं राहिल्यापासून मिरजेत मिशनऱ्यांची कितीतरी मुलं वाढली आणि मग न पाहिलेल्या ‘मायदेशी’ गेली. आज तुमची मुलं उलट दिशेने तोच प्रवास करताहेत.

त्यांना नीट येऊ द्यायचं तर आधी नीट निघू द्या. शेवटच्या ३ महिन्यांत चार गोष्टी क्रमाने करा. ज्यांच्याशी बिनसलंय त्यांच्याशी समेट करा. अर्धवट राहिलेलं भांडण मिरजेपर्यंत येतं. ज्यांनी सांभाळलं त्यांचे नाव घेऊन आभार माना. माणसांचा, जागांचा, कुत्र्याचा, झाडाचा निरोप घ्या, मुलांना रडू द्या. आणि मग पुढच्या घराबद्दल खरं बोला: कोण कुठल्या खोलीत, पाणी किती वाजता, आजीच्या घरात काय चालतं आणि काय नाही. ‘तिकडं सगळं छान असेल’ आणि ‘आपण लवकरच परत येऊ’ ही दोन वाक्यं बोलू नका.

सासरच्या घरी राहणार असाल तर ‘३ महिनेच’ असं आधीच ठरवून राहा, नंतर वेगळं घर बघा. सांगलीत बघितलंत तर पूररेषा विचारा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. नदीकाठच्या भागात तळमजला घेऊ नका, आणि एवढ्या कष्टाने गोळा केलेले कागद वरच्या कपाटात ठेवा.

पहिले ६-८ आठवडे बरे जातात. नाताळ असतो, कौतुक असतं. खरा उतार मार्चनंतर लागतो आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की सगळ्यात खोल जातो. मुलगा अंथरूण ओलं करू लागेल, मुलगी खोलीचं दार लावून तिकडच्या मैत्रिणींशी रात्र रात्र बोलेल, कदाचित तुमच्या सेवेवरच राग काढेल. त्यावर बायबलचं वचन ऐकवू नका, आधी ऐकून घ्या. रात्री फोन ठेवायची वेळ ठरवा, पण मैत्री तोडू नका. आठवड्यातून एकदा घरात उगाली आणि सुकुमा करा. मक्याचं पीठ आणि पालेभाजी मिरजेत हवी तेवढी मिळते. झोप, जेवण किंवा शाळा यांपैकी काहीही ३ आठवड्यांहून जास्त बिघडलेलं राहिलं तर समुपदेशकाकडे जा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर त्याच दिवशी जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालतो आणि तिथं मराठीत बोलता येतं. हे तुम्हा दोघांनाही लागू आहे. ११ वर्षं लोकांची दुःखं ऐकलेल्या नर्सला आणि पाळकाला स्वतःचं बोलायला माणूस लागतो, आणि तो शक्यतो स्वतःच्या मंडळीबाहेरचा असावा.

पुनर्वसनाच्या रकमेतून एक रक्कम पहिल्याच दिवशी बाजूला काढा: १८ महिने ते २ वर्षांनी मुलांना, निदान थोरलीला, महिनाभर किसुमूला नेऊन आणण्याची. तारीख तिला आधी सांगा. वाट बघायला काहीतरी असलं की ९वीचं वर्ष पार पडतं. त्यासाठी पिवळी कार्डं पासपोर्टासोबतच ठेवा, ती जन्मभराची आहेत. आणि जाऊन आल्यावर पहिल्या ३ महिन्यांत ताप आला, तर पुन्हा त्याच दिवशी रक्त तपासा.